दहा मिनिटं पुढचं रुग्णालय

सोलापुरातल्या ज्या खासगी रुग्णालयात मी संगणक सांभाळायचे, तिथल्या प्रशासक साहेबांचा जगावर विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी बॅकअपचं कुलूपवालं मशिन घेतलं. रुग्णांचे रिपोर्ट एकदा त्यात गेले की सात वर्षं पुसता यायचे नाहीत. मला नाही आणि खुद्द साहेबांनाही नाही. रोज संध्याकाळी त्या रिपोर्टांची दुसरी प्रत अकलूजच्या आमच्या शाखेत जायची. फाइलींना अशी सात वर्षांची हमी. मला मात्र दर खेपेला सहाच महिन्यांचं कंत्राट, तेही संपत आलेलं.

नेमकी त्याच महिन्यात प्रत वाटेतच अडकू लागली. सकाळी अकलूजहून फोन यायचा, "मॅडम, आज बी न्हाय आलं की." मी केबल बदलली, राउटर बदलला. कंपनीचा माणूस फोनवर प्रत्येक दुखण्याला एकच गोळी द्यायचा: बंद करून चालू करा. तसं केलं की एक दिवस चालायचं, पुन्हा आडवं. साहेब सगळ्यांच्या देखत विचारायचे, "मॅडम, तुमाला जमंना व्हय? मग कायम करायचं कसं?" मला रडू येण्याआधी राग येतो, हे माझं नशीब.

शेवटी एका सकाळी लवकर येऊन मी मशिनच्या खोलीत ठाण मांडलं. थोड्या वेळानं साहेब आले. रुग्णालयातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवली की लोक वेळेवर येतात, हा त्यांचा त्याच महिन्यातला शोध. नवी पेठेतून आणलेलं प्रत्येक घड्याळ ते रोज जातीनं तपासायचे. लोक मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून निवांत यायचे, ती गोष्ट वेगळी. साहेबांनी माझ्यासमोरच मशिनमध्ये आपला पासवर्ड टाकला आणि त्याचीही वेळ दहा मिनिटं पुढे केली.

"हे एक लई आगाऊ हाय," त्यांनी माझ्याकडेच तक्रार केली. "रोज पुढं करतो, रोज मागं येतंय."

मी कपाळावर हात मारला. मशिन रोज आपणहून खरी वेळ लावून घेत होतं. कुलूपवाल्या मशिनला वेळ पुढे ढकलणारा माणूस चोरच वाटतो, कारण सात वर्षं सरली असं भासवून कुलूप उघडायची तीच युक्ती. म्हणून ते संशयानं प्रत थांबवत होतं. मी हे समजावून सांगितलं, तसे साहेब लाल झाले.

"म्हंजे चूक माझी? तुमची मुदत कालच संपली. उद्यापासून येऊ नका."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तेवढ्यात संशय फारच वाढून मशिननं पुरतं अंग टाकलं. आता नुसतं बंद-चालू करून भागेना, ते दोन पासवर्ड मागू लागलं, एक साहेबांचा आणि एक माझा. एकट्यादुकट्यावर भरवसा नको, म्हणून ही सोय साहेबांनीच हट्टानं करून घेतली होती. त्यांनी आपला टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"टाका की, मॅडम."

"मी कोण टाकणार? माझी मुदत काल संपली," म्हणत मी पर्स उचलली.

कायम नेमणुकीचा आदेश सहीसकट तासाभरात हातात पडला. आनंद झाला, का होऊ नये? पण इतकी वर्षं राबले तेव्हा त्यांना माझी किंमत कळली नाही, आणि अडून बसले तेव्हा कळली, याची चीड अजून जात नाही.