झेलणारं गिधाड

बेतो नावाच्या पोराच्या खांद्याचं हाड मोडलं रविवारी. सोमवारी संध्याकाळी चाळीतल्या सगळ्या बायका चौकात जमल्या, त्या कूकाबाईच्या टीव्हीचा निकाल लावायलाच. मेक्सिको शहरात तेव्हा टीव्ही नवा होता आणि गेरेरो भागातल्या त्या चाळीत तो एकच होता. कुस्त्यांच्या दिवशी वीस सेंटावो टेकवले की पोरांना जमिनीवर जागा मिळायची, वर जास्वंदीचं सरबत.

बेतो धुण्याच्या हौदांवरच्या पत्र्यावरून उडाला होता, टीव्हीतला कुस्तीगीर लुसेरो आखाड्याच्या दोरांवरून उडतो तसा, हात पसरून. खाली नाचो उभा होता, तोंडाला कोळसा फासून लुसेरोचा वैरी, म्हणजे गिधाड झालेला. अंगावर एवढं धूड येतंय म्हटल्यावर नाचो बाजूला झाला. कुणीही झालं असतं. बेतो फरशीवर आपटला.

फिदेन्सिओ ओल्मेदो नळापाशी उभा होता, टोपी कानांवर ओढून. खाणीतल्या कामाला कंटाळून पाचुकाहून पळून आलेला हा माणूस दिवसभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे कान कोबीसारखे फुगलेले होते. कुणी विचारलं तर म्हणायचा, लादी लागली. मंगळवारी आणि शनिवारी तो रात्रपाळीला जायचा. ती रात्रपाळी कारखान्यातली नव्हती, हे फक्त त्याच्या बायकोला, आम्पारोला ठाऊक होतं. त्या रात्री तो काळा मुखवटा चढवून आखाड्यात उतरायचा आणि ‘एल सोपिलोते’ व्हायचा. म्हणजे गिधाड. अख्ख्या शहराच्या शिव्यांचा धनी.

त्या धंद्यात दोन गोष्टी जिवापाड जपायच्या असतात. एक, मुखवट्याखालचं नाव. नाव फुटलं की गडी संपला. भुताला भ्यायला लोक पैसे मोजतात, बर्फवाल्याला भ्यायला कोण मोजणार? दुसरी गोष्ट बायकोलाही सांगायची नसते. वरून उडी घेणारा वाचतो तो खालच्यामुळे. खालचा त्याला छातीवर झेलतो, सगळं वजन स्वतःच्या अंगावर घेतो आणि मागे पडता पडता फळ्यांवर असा हात आपटतो की लोकांना वाटावं, मेला हा. टाळ्या लुसेरोला मिळायच्या. पण गिधाडासारखं झेलणारा दुसरा नव्हता, म्हणून मोठमोठे गडी समोर गिधाडच मागायचे. त्या मुक्या मानावर फिदेन्सिओ जगत होता.

“माणसं एकमेकांच्या नरडीवर बसतात आणि आपण पैसे देऊन पोरांना ते दाखवतो!” बेतोची आई एर्मेलिंदा कडाडली. “फोडून टाका तो डबा!”

“माझ्या डब्याने ढकललं का गं त्याला?” कूकाबाई कमरेवर हात ठेवून उभी. “डबा नव्हता तेव्हाही तुझं कार्टं मांजरं बादलीत बुडवत होतं. तेव्हा कुणाला बोल लावलास?”

म्हातारे तेओफिलो चांभार मध्ये पडले. “मी क्रांतीच्या वेळी पोर होतो. तारेच्या खांबांना माणसं लटकलेली बघितली. कुठला आलाय टीव्ही? झालो का मी खुनी?”

“ते तुमच्या बायकोला विचारायला पाहिजे,” कुणीतरी म्हणालं, आणि चौक हसला.

मास्तरीण ओफेलियाबाई हसली नाही. “आजोबा, खांबावरचा माणूस मेलेला असतो, हे तुम्हाला दिसत होतं. म्हणून तुम्हाला लटकून बघावंसं वाटलं नाही. इथे माणूस एवढ्या उंचावरून पडतो आणि उठून हात हलवतो. पोरांना मार दिसतो, पण मार लागतो कसा ते दिसतच नाही. पेपरात आलंय, सरकारच बंद करणार आहे म्हणे या कुस्त्या.”

फिदेन्सिओने नळाची तोटी उगाच घट्ट पिळली. मार लागतो कसा ते लपवणं हाच त्याचा धंदा, आणि बाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

“फिदेन्सिओभाऊ, तुम्ही का मिठाची गुळणी धरलीय?” कूकाबाई त्याच्याकडे वळली. “तुमची होबिता तर सगळ्यात पुढे बसते.”

सगळे बघायला लागले. त्याने टोपी अजून खाली ओढली. “बंद करा,” तो म्हणाला. “पोरांच्या काही उपयोगाचं नाही ते.”

स्वतःच्या भाकरीवर माती टाकून तो खोलीत आला. आम्पारोने घेवड्याची उसळ ताटलीत अशी वाढली की निम्मी टेबलावर सांडली.

होबिता नऊ वर्षांची. लुसेरो तिचा देव, आणि गिधाड दिसलं की ती पडद्यावर थुंकायची. कूकाबाई दर वेळी ते फडक्याने पुसायची. जेवता जेवता पोर म्हणाली, “बेतो चुकलाच. पत्रा ठेंगणा आहे. गच्चीवरून उडी घेतली असती तर हवेत नीट वळता आलं असतं.”

फिदेन्सिओचा घास हातातच राहिला. “गच्चीवर पाय ठेवलास तर तंगडी मोडीन.”

“तुम्हाला काय कळतं कुस्तीतलं, पापा? तुम्ही बर्फवाले.”

“आणि नाचो परत बाजूला झाला म्हणजे?”

“मी त्याला दम भरलाय, हलायचं नाही म्हणून. गिधाड कधी हलत नाही. मूर्ख असतं ते.”

एक वाक्य पुरलं असतं. अगं, तो मूर्ख नाही, तो झेलतो. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं, पण इतकी वर्षं ते तिथेच अडवून धरायची सवय झाली होती. त्याने पोरीला गच्चीवर न जाण्याची, ग्वादालुपेच्या मातेची शपथ घ्यायला लावली. तिने घेतली. तिचे हात पाठीमागे होते, शपथ लागू नये म्हणून बोटांत बोटं अडकवलेले, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

शनिवार आला. एरवी शनिवारी दुपारपासून पोरं कूकाबाईच्या दाराशी जागा धरून बसायची. आज दाराला कडी होती, डब्यावर चादर. मोठी माणसं समाधानाने बाजारात गेली, आणि करायला काही न उरलेली पोरं गच्चीवर.

फिदेन्सिओ कारखान्यातून परतला तेव्हा चौकातून आवाजच येत नव्हता. त्याने पावलं उचलली. पोरांनी भरलेला चौक गप्प असतो तो एकाच कारणाने. आत आला तर सगळी डोकी वर. गच्चीच्या कठड्यावर होबिता, पाठीला टॉवेल बांधलेला, हात पसरलेले. खाली चटईवर नाचो, तोंडाला कोळसा. आणि नाचोने सगळा भार डाव्या पायावर घेतला होता.

फिदेन्सिओने ते पाहिलं आणि त्याला कळलं. हे पोर उजवीकडे पळणार.

ओरडावं तर पोर दचकणार. जिना चढावा तर वेळ नाही. तिच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. त्याने टोपी फेकली, नाचोला ढकलून दिलं आणि चटईवर उभा राहिला. पाठीला पोक काढलं, कोपरं पंखांसारखी बाहेर वळवली, मान खांद्यांत घातली. पोरं हादरली. असं उभं राहणारा साऱ्या शहरात एकच होता.

“ये, लुसेरो!” तो गिधाडाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. “असशील मर्द तर ये!”

ती उडाली.

त्याने तिला छातीवर घेतलं, एक हात कमरेला, एक मानेखाली, आणि मागे पडला. आखाड्यात मागे लवचिक फळ्या असतात. इथे दगडी फरशी होती. आत काहीतरी काडकन मोडलं. त्याने सवयीने फरशीवर हात आपटला, आणि तो आवाज चारी भिंतींवरून फिरून परत आला.

होबिता त्याच्या पोटावर बसली होती. अंगावर ओरखडाही नव्हता. ती बापाच्या कानांकडे बघत होती, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

“तुम्ही मला धरलंत,” ती म्हणाली.

“हो.”

“लुसेरोलाही धरता? दर वेळी?”

पोरं जवळ सरकली. बेतो गळ्यात हात बांधून उभा होता. फिदेन्सिओला श्वास घेता येत नव्हता, पण आता थांबून चालणार नव्हतं. “दर वेळी,” तो म्हणाला. “तो उडतो ते मी खाली आहे म्हणून. खाली झेलणारा नसेल तर ती कुस्ती नाही रे, तो मुडदा. कळलं? परत कुणी चढलात तर बघा.”

नाचो रडायला लागला. बेतोने हळूच विचारलं, “म्हणजे मला कुणी झेललंच नाही?”

“नाही, बाळा,” फिदेन्सिओ म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

त्यानंतर एकही पोर गच्चीवरून उडालं नाही. चाळीने तोंडाला कुलूप घातलं. एर्मेलिंदा त्याच्यासाठी रोज मक्याची गरम पेज आणायची आणि काही विचारायची नाही. चाळीच्या इतिहासात एवढं मोठं गुपित पहिल्यांदाच चाळीत राहिलं. फिदेन्सिओ बरगड्यांना पट्टा आवळून काही आठवड्यांनी परत आखाड्यात उतरला, आणि कूकाबाईला काही राहवेना. टीव्ही बंद, मग बघणार कुठे? आपला शेजारी, आपल्या पोराबाळांसाठी हाड मोडून घेतलेला. ती आम्पारोला ओढत घेऊन गेली आणि अगदी पुढे बसली.

लुसेरो वरच्या दोरावर चढला. आखाड्याने श्वास रोखला. त्या शांततेत कूकाबाईची माया उतू गेली.

“फिदेन्सिओभाऊ! बरगडी सांभाळा हो! नीट झेला त्याला!”

आम्पारोने तिच्या तोंडावर हात ठेवला, तोवर शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले होते. आधी एकजण हसला, मग शंभर. मग सगळ्या माना वळल्या. लोक आता लुसेरोकडे बघत नव्हते. ते बघत होते खालच्याकडे. झेलतो का?

फिदेन्सिओने ते सगळं ऐकलं. एक पाऊल उजवीकडे सरकलं की झालं असतं. बाई वेडी ठरली असती, गिधाड आणखी भयंकर ठरलं असतं, धंदा वाचला असता. वर लुसेरोचे पाय दोरावरून सुटले होते. लुसेरोच्या मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे फार घाबरलेले होते.

गिधाड हललं नाही.