कुवेतच्या समुद्रात बेचा पाढा

कुवेतहून लोक सोनं आणतात. मी पाढा घेऊन आले, तोही चाळिशीत.

झालं असं, की दोन हजार सहाच्या सुरुवातीला ताईचा फोन आला. ती कुवेतमधल्या जाब्रियात फिजिओथेरपिस्ट. म्हणाली, "इथे हौशी लोकांची ट्रायथलॉन आहे. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. येतेस?" नाशकात सायकल आणि धावणं माझं रोजचंच. पोहण्याचं काय, जमेल, असं म्हणून मी होकार दिला. व्हिजिट व्हिसा ताईनेच काढला. मुंबईहून विमानाने चारेक तास. जायचंच असेल तर एप्रिलच्या आत जा, पुढे ऊन भाजून काढतं. आणि टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

तिथल्या राई भागातल्या एका शोरूममधून पोहण्याचा गॉगल घेतला. जवळच्या क्लबाच्या तलावात सकाळची वेळ फक्त बायकांसाठी, एका खेपेचे दोन दिनार, टोपी सक्तीची. मी ऐटीत पाण्यात उतरले. पंधरा वर्षं प्राणायाम करते, श्वासाचं मला काय सांगता! छातीभर श्वास घेतला, कोंडला आणि निघाले. निम्म्या वाटेतच छाती फुटायची वेळ आली. डोकं वर काढून सोडायचं आणि घ्यायचं एकदमच करायला गेले, तर तोंडात क्लोरीनचं पाणी.

"शुभे, बाहेर ये!" ताई काठावरून ओरडली. बारा वर्षं समुद्राजवळ राहून तिने पाऊलही भिजवलेलं नाही. पाण्याची तिला भयंकर भीती. पर्स मांडीवर घेऊन ती खुर्चीत अंग चोरून बसली होती. "गुरुवारपर्यंत चार फेऱ्या न थांबता मारल्यास तर शर्यत. नाहीतर माझ्याबरोबर किनाऱ्यावर उभी राहून टाळ्या वाजवायच्या."

एवढ्या लांब येऊन टाळ्या? मला रडूच यायला लागलं.

तेव्हा ताईने रुखसानाला बोलावलं. तिची मैत्रीण, तिथल्या भारतीय शाळेत खेळाची शिक्षिका, मूळची रत्नागिरीच्या खाडीकाठची. माझी एक फेरी बघून ती हसलीच.

"तू श्वास सोडतच नाय गो! भरल्या हंड्यात आणखी पाणी कुठं ओतणार? तोंड पाण्यात असेल तेव्हा बोलत राहा. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाय."

"काय बोलू?"

"काय पण बोल!"

मग मी पाण्याखाली ताईला मनसोक्त बोलून घेतलं. बुडबुडे भरपूर निघाले, पण ताल जमेना. शेवटी बेचा पाढा धरला. बे, त्रिक, सहा. तीन शब्द, तीन हात, मग मान वळवून श्वास. पुन्हा तोंड पाण्यात, बे, चोक, आठ. छाती रिकामी झाली की हवा आपोआप आत येते, हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी रुखसानाने पापलेटचं सार खाऊ घातलं. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात. सोबत को-ऑप दुकानाच्या भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे तिथली रोटी. मी किती खाल्ले ते विचारू नका.

गुरुवारी चार फेऱ्या झाल्या. "बरं," ताई तोंड वाकडं करून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी समुद्र चांगलाच गार होता. पिवळ्या बोयाला वळसा घालून परत यायचं. निम्म्यावर कुणाचं तरी कोपर लागलं, गॉगल सरकला, खारट पाणी घशात गेलं. पाढा गेला, श्वास पुन्हा कोंडला. बचावाच्या बोटीला हात करावा, असं मनात आलं. मागे वळून पाहिलं तर काय, ताई! हातात पर्स, गुडघाभर पाण्यात, माझ्याकडे बघत उभी. मला हसू फुटलं, आणि हसताना छाती रिकामी झाली. मग बे एके बेपासून पुन्हा सुरुवात केली.

पाण्यातून मी जवळजवळ शेवटी निघाले. भाऊजींच्या सायकलवर मात्र बऱ्याच जणांना गाठलं आणि धावून शर्यत पूर्ण केली.

"तुझ्यापायी माझे नवे बूट गेले," ताई म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली.

नाशिकला आल्यावर पदक कपाटात गेलं. पाढा मात्र रोज पहाटे तलावात सोबत असतो. मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"शुभे, रुखसानाने मला पाण्यात उतरवलंय. पण बे पंचे दहाच्या पुढे घाबरून काही आठवतच नाही. म्हण ना माझ्याबरोबर."

फोनचं बिल तिचं होतं, तेव्हा आम्ही दोघींनी मोठमोठ्याने, सावकाश, बे दाहे वीसपर्यंत म्हटला.