निपाणीच्या तंबाखूत उतरलेला गॅसचा फुगा

माझा मामेभाऊ संजू परदेशात गॅसचा फुगा उडवायला शिकून आला आणि म्हणाला, "ताई, येतेस का बेळगावहून निपाणीला? वाऱ्यावर बसून?" मी लगेच हो म्हणाले. घरच्यांनी डोक्याला हात लावला.

हिंडलग्यापुढच्या माळावरून उजाडता उजाडता निघालो. कुणी जाणार असाल तर सुती कपडे घाला, फोन बंद ठेवा, काडीपेटी तर घरीच सोडा. या फुग्यात शेगडी नसते, नुसता हायड्रोजन. एक ठिणगी पडली की खेळ खल्लास. वर जायचं तर पिशवीतली वाळू सांडायची, खाली यायचं तर दोरी ओढून थोडा गॅस सोडायचा.

आणि वर काय सांगू! वारा लागतच नाही, कारण आपण त्याच्याबरोबरच चाललेलो. सगळं इतकं शांत की खालच्या परसातलं बोलणंसुद्धा ऐकू येतं. "अगं, नळाला पाणी आलंय, घागरी आण की!" मी वरूनच 'आणते' म्हणणार होते. धुक्यात बुडालेले ऊस, त्यातून वर आलेली देवळांची शिखरं, चिकोडीच्या बाजूनं येणारं कोवळं ऊन. दशमी आणि शेंगाचटणी खाताना वाटलं, असंच तरंगत राहावं, कुणी हाकच मारू नये.

ऊन तापलं आणि वारा बिघडला. निपाणीजवळ फुगा गचके खायला लागला. वाळूची एकच पिशवी उरलेली आणि समोर विजेच्या तारा! संजूनं ती पिशवी रिकामी केली, तेव्हा कुठं तारा पायाखालून गेल्या.

"ताई, आता पुढच्या रानात उतरायचंच. वाळू संपली."

माझी पाचावर धारण बसली. रान तंबाखूचं, कापलेली झाडं वाळत पसरलेली. दहा-बाराजण आमच्या मदतीला पळत येत होते, आणि निम्म्यांच्या तोंडात पेटलेली बिडी! संजूचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले. मीच बेंबीच्या देठापासून ओरडले, "आप्पाऽ, बिडी इझवा! गॅस हाय, पेट घेईल!"

सगळे थबकले. टाकणार कुठं? पायाखाली वाळका तंबाखू. "खाली टाकू नगासा रं! पाटात टाका!" पांढऱ्या मिशांचे एक आप्पा ओरडले. बाकीचे पाण्याकडं पळाले, आप्पा मात्र सरळ आमच्याकडं. फुग्याखालची आमची टोपली आदळली, घसटत बांधाकडं निघाली. आप्पांनी काठ धरून अंगाचा भार टाकला, संजूनं गॅस मोकळा करायची मोठी दोरी खेचली आणि फुगा हळूहळू जमिनीवर निजला. मी रडलेच.

आप्पांच्या घरी गरम भाकरी, झुणका, दही असं जेवलो. पैशाचं नाव काढू दिलं नाही. ते डाव्या हातानं जेवत होते म्हणून उजवा बघितला. तळव्यावर टरारून आलेले फोड.

"आप्पा, हे काय!"

"बिडी मुठीत इझवली की. पाटापतोर जाऊन आलो असतो तर तुमी गावला असतासा व्हय?" ते हसले. "जेवा गं आक्का. लई काय न्हाय."

निपाणीहून बसनं दीड तासात घरी आले. वरून काय दिसलं म्हणून सगळे विचारतात, मीही धुकं नि ऊस रंगवून सांगते. काल चहा करताना गरम भांड्याला बोट लागलं. लागलं न लागलं तोच मी हात झटकला. आप्पा मूठ मिटून पळत आले होते.