सेट विकत, खोली भाड्यानं

आमच्या ह्यांना गाणं उतारवयात लागलं. एखाद्याला शुगर लागते तसं. कारखान्याच्या ऑफिसात उभी हयात गेली, पण कधी शीळ घातलेली कुणी ऐकली नाही. रिटायर झाले आणि कुणीतरी सांगितलं, की मोबाईलवर नुसतं वाजप मिळतं, वर आपण गायचं, त्याला कॅराओके म्हणतात. ते सांगणारं कोण हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर मी त्याला जेवायला बोलावून चांगलं ऐकवलं असतं, आणि ह्यांनाही गायला लावलं असतं.

अशी गायला लागलेली माणसं कोल्हापुरात काही कमी नाहीत. ह्यांना धरून पाच जण जमले. त्यांतले एक बँकेतनं रिटायर झालेले. हिशेब कळतो म्हणून तेच अध्यक्ष. एक गडहिंग्लजकडचे दुकानदार, खताचं दुकान मुलाकडं दिलेलं, चिडले की कन्नडात बोलणारे. बाकीचे दोघे मास्तर, ते कोरसला. पहिल्यांदा गल्लीत गायले, मग हॉल घेऊन गायले. नंतर इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज असे जायला लागले आणि त्याला 'दौरा' म्हणायला लागले. तिकीट लावायचे. तिकीट कोण घेणार? आम्ही पाच बायका. आपल्याच नवऱ्याचं गाणं, जे न्हाणीघरात फुकट ऐकू येतं, ते ऐकायला पर्समधनं पैसे काढायचे आणि वर पहिल्या ओळीत हसऱ्या तोंडानं बसायचं.

गडहिंग्लजला घोटाळा झाला. सौंडचा सेट भाड्याचा होता. ह्यांचं गाणं चालू असताना मिक्सरवरच्या माणसाला फोन आला, तो उठून बाहेर गेला आणि तो एको का काय म्हणतात, तो तसाच चढलेला राहिला. ह्यांची प्रत्येक ओळ दोनदा परत यायला लागली. जे एकदा ऐकणं अवघड, ते लोकांनी तीन-तीनदा ऐकलं. लोक हसले. परत येताना घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "आता सेट आपला पायजे."

बैठक आमच्याच घरी बसली. सेट विकत घ्यायचा का भाड्यानंच चालवायचं, या विषयावर. चहा माझा, पोहे माझे, मत त्यांचं. अध्यक्ष म्हणाले, "भाडं म्हंजे पाण्यात घातलेलं पैसं. विकत घेतलं तर वस्तू ऱ्हाती." दुकानदार म्हणाले, "दौऱ्यावर न्यायचा कशातनं?" टेंपोतनं, असं ठरलं. चालवायचा कुणी, मास्तर शिकतील, असं ठरलं. बिघडला तर काय, बिघडणार नाही, असं ठरलं. ठेवायचा कुठं, म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "हितं मागं खोली हाय की मोकळी."

मी आत परातीत कांदे घेऊन बसले होते. विळी आडवी केली आणि दाराशी आले.

ती मागची खोली म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. ती माझी कांदा-लसूण चटणीची खोली. बरीच वर्षं मी उन्हाळ्यात चटणी करून विकते. आधी जिन्याखाली करायची, मग त्याच पैशातनं मागं खोली बांधली, वर स्लॅब टाकला. शिवरात्र झाली की मिरची भरायची, वाळवायची, देठ खुडायचे, कांडप गिरणीतनं कांडून आणायची, घरी चाळायची, मग मसाला, कांदा, लसूण. अक्षयतृतीयेपर्यंत काय करायचं ते करायचं. पुढं वळवाचा पाऊस, हवेला ओल, मिरचीला बुरशी. हा एक हंगाम चुकला की वर्ष चुकलं, आणि एकदा दुसऱ्याकडनं चटणी नेलेलं गिऱ्हाईक मागं येत नाही. ती खोली ह्यांना वर्षातले नऊ महिने मोकळी दिसत होती, आणि उरलेल्या तीन महिन्यांत ठसका लागतो म्हणून हे तिकडं फिरकत नव्हते.

"शिवरात्र झाली," मी दारातनं म्हटलं. "मिरची यायची हाय."

"अगं, दोन पेट्या तर हायत," हे म्हणाले. "कोपऱ्यात बसतील."

सेट विकणारा कबनूरचा. पूर्वी त्याचे माग होते. माग भंगारात घालून सौंडच्या धंद्यात आला. खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं त्याला एका कानानं ऐकू येत नाही, आणि तो म्हणतो, या धंद्यात टिकायचं असेल तर हेच बरं. त्याला नवा सेट घ्यायचा होता, म्हणून जुना कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता. "काका, घाई न्हाय," तो म्हणाला. "आधी घरी ठेवा, वाजवा, पटला तर घ्या." माणूस गोड बोलायला लागला की मी आधी त्याचा टेंपो बघते. टेंपो भरून आला होता.

दोन पेट्या म्हणजे उंच पेट्या चार, बसक्या चार, त्या बसक्यांना बेस म्हणतात आणि प्रत्येकात एक माणूस मांडी घालून बसेल. शिवाय वायरींच्या ट्रंका, पेट्या चढवायच्या लोखंडी तिकाटण्या, मिक्सर. तोवर येऊन पडलेली माझी मिरचीची पोती खोलीतनं निघाली आणि आमच्या पलंगाखाली आली. रात्रभर दोघं शिंकत होतो. हे म्हणाले, "जरा सोसायला पायजे. कला हाय."

सेट आला हे गल्लीला सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या तालमीची पोरं दारात. "काका, आपला सेट मोकळा हाय न्हवं?" 'आपला' हा शब्द आमच्या कोल्हापुरात फार महागात पडतो. सेट भाड्याचा असता तर हीच पोरं भाड्याच्या दुकानात गेली असती, पावती फाडली असती. पण घरातली वस्तू म्हणजे गल्लीची वस्तू. तालमीतल्या कुणाचा तरी वाढदिवस होता, न्या. पलीकडच्या आळीत बारसं, न्या. हळद, न्या. बारा दिवसांच्या बाळाला झोप लागू नये एवढा आवाज, पण न्या. ह्यांना नाही म्हणता येत नाही. मला एकटीला म्हणता येतं.

"अवो, कुणाला तरी न्हाय म्हणा की," मी म्हटलं.

"आपलीच माणसं हायत."

"मग मी कुणाची?"

यावर त्यांनी रियाजाला सुरुवात केली.

सेट जायचा आणि यायचा, पण जाताना होतं ते सगळं येताना असायचंच असं नाही. पेट्यांना जाड रेक्झिनच्या खोळी होत्या. हळदीनंतर त्या आल्याच नाहीत. मग एक मला दिसली, तालमीसमोर उभ्या बुलेटवर छान घालून ठेवलेली. मी ह्यांना चार वेळा सांगितलं, खोळी आणा, मला मिरची चाळायची आहे, पेट्या उघड्या आहेत. "आणतो" म्हणाले. पाचव्या वेळी "बघतो" म्हणाले. आणतोवरनं बघतोवर आलेलं काम होत नसतं, हे लग्न झालेल्या बाईला सांगायला लागत नाही.

माझी पहिल्या खेपेची मिरची कांडून आली होती. ढग यायला लागले होते. मी जुन्या साड्या काढल्या, पेट्यांवर टाकल्या, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि चाळणी धरली. साडी कितीही मोठी असली तरी ती बाईला पुरते, बेसला पुरत नाही. खालनं वीतभर जाळी उघडीच राहिली. त्या खोलीत चार दिवस जो लाल धुरळा उडाला तो कुठं कुठं जाऊन बसला, हे मी बघितलं नाही. मला माझी चटणी भरून डबे लावायचे होते.

आणि मग त्यांचा कार्यक्रम इचलकरंजीला. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या संघाचा वर्धापनदिन. सेट आपला पहिल्यांदाच दौऱ्यावर निघालेला. इथं कसा वाजतो ते बघून घ्यायचा का नाही ते पक्कं करायचं ठरलेलं. म्हणजे त्या रात्री स्टेजवर नुसतं ह्यांचं गाणं नव्हतं, माझी खोलीपण होती. मी पहिल्या ओळीत तिकीट काढून बसले आणि देवाला म्हटलं, बाबा, गाणं चांगलं होऊ दे, पण फार चांगलं होऊ देऊ नको.

ह्यांचं गाणं विरहाचं होतं. कुणाचा विरह ते मी विचारत नाही. सुरुवातीला बारीक वाजप, काही झालं नाही. मग एकदम बेस पडला, धप्प करून. छातीत बसला. दुसऱ्या धप्पला मला वास आला. ब्याडगी मिरची मला झोपेतसुद्धा ओळखता येते. मी पदर नाकाला लावला.

आमच्या शेजारी प्रमुख पाहुणे बसले होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. त्यांच्या पलीकडच्या बाईंनी नाक पुसलं. पहिली ओळ सगळी खाली मान घालून डोळे टिपायला लागली. स्टेजवर बेसच्या अगदी मागं आमचे हे. दुसऱ्या कडव्याला गळा दाटला, शब्द फुटेना, गालावरनं पाणी ओघळायला लागलं. हे थांबले. वाजप एकटंच पुढं चाललं.

हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. गडहिंग्लजला ज्याला लोक हसले त्या माणसाच्या वाट्याला एवढ्या टाळ्या आल्या, की माझ्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं का दुसरं कसलं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मागची एक बाई वाकून म्हणाली, "ताई, किती हळवं हायत वो तुमचं मालक."

"व्हय," मी म्हटलं. "चटणीच्या दिवसांत घरीबी असंच होतंय त्यांचं."

परतीच्या गाडीत सगळे एकदम बोलत होते. अध्यक्ष म्हणाले, "भाड्याच्या सेटवर असं कवा झालतं काय? सेटमधी दम हाय." कोरसच्या मास्तरांनासुद्धा आतनं काहीतरी भरून आलं होतं. घ्यायचाच, असं अर्ध्या वाटेतच ठरलं. मी खिडकीतनं बाहेर बघत होते. मिरचीचं खरं सांगितलं असतं तर खोली सुटत होती. पण शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा उजळलेला बघितला नव्हता. दुसरा रस्ता काढू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कबनूरकर आला. पाची जण जमले होतेच. त्यानं बेसच्या जाळीवर हात फिरवला, बोट नाकाशी नेलं आणि दोनदा शिंकला. मग माझ्याकडं बघितलं.

"वैनी, यंदा ब्याडगी झकास आलीया."

"व्हय," मी म्हटलं. "रंग चांगला हाय."

त्याला सगळं कळलं. पण सेट विकायचा असलेला माणूस कशाला बोलतोय.

अध्यक्षांनी परत सुरू केलं, भाडं म्हणजे पाण्यात, वस्तू म्हणजे ऱ्हाती. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पहिल्यांदाच बैठकीत बसले. खुर्ची ओढून.

"ऱ्हाती ते खरं, भावजी. पर कुठं ऱ्हाती?"

"हितंच की, मागल्या खोलीत."

"बरं. खोलीचं भाडं काय देणार?"

हे म्हणाले, "घरच्या खोलीला भाडं?"

"घरच्या माणसाच्या गाण्याला तिकीट असतंय, तर खोलीला भाडं का नसावं? खोली माझ्या चटणीची हाय. हंगाम आठ-पंधरा दिवस उरलाय. दर महिन्याला भाडं द्या, किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल. तालमीला द्यायचा झाला तर पोरांनी येऊन मला विचारायचं. सेट घ्या विकत, माझं काय म्हणणं न्हाय."

दुकानदार कन्नडात काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत, पण सूर चिडलेला नव्हता. त्यांचं स्वतःचं गोडाऊन भाड्यानं दिलेलं आहे, त्यांना जागेची किंमत कळते. मी म्हटलं, "भाडं नको असंल तर दुसऱ्या कुणीतरी आपल्या घरी ठेवा." आणि मग मजा बघितली. अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुकानदारांच्या घरी खताचा वास, पेट्या गंजतील. पहिले मास्तर म्हणाले, सुनेला विचारून सांगतो. दुसरे म्हणाले, मी विचारतसुद्धा नाही. माझी खोली एका वाक्यात घेऊन टाकणाऱ्या चार पुरुषांना स्वतःच्या घरातला एक कोपरा विचारायचं धाडस होईना.

"तसं बघितलं तर," अध्यक्ष चहा संपवत म्हणाले, "भाड्याचं एक बरं असतंय. डोक्याला ताप न्हाय."

त्याच संध्याकाळी टेंपो भरला. कबनूरकराचं तोंड उतरलं होतं, म्हणून त्याला मी एक डबा चटणी दिली. तो हळूच म्हणाला, "वैनी, जाळ्या झाडून घेतो. न्हायतर पुढच्या हळदीत नवराच रडायचा." पोती पलंगाखालनं खोलीत गेली. उरलेला हंगाम मी धावत-पळत उरकला, काही गिऱ्हाइकं सुटली ती सुटलीच.

हे अजून गातात. भाड्याच्या सेटवर. पण प्रत्येक कार्यक्रमानंतर घरी येऊन म्हणतात, "सूर लागतोय, पर इचलकरंजीवाणी आतनं येत न्हाय गं." मी हे सगळं लिहिलंय ते छापून आलं तरी मला भीती नाही. माझं लिहिलेलं ते वाचत नाहीत, त्याला तिकीट नसतं ना. तर परवा निपाणीला निघताना त्यांनी रुमाल मागितला. मी खोलीत नव्या हंगामाची मिरची निवडत होते. तशीच उठले, रुमाल काढला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवून दिला. हात काही धुतले नाहीत.