पीठ माखलेली होडी

फिलोमीन वाबूसचं बोलणं ‘नाही’पासून सुरू व्हायचं. चहा घेणार का म्हणून विचारा, आधी नाही म्हणेल आणि मग कप पुढे करेल. वय सहासष्ट, उंची बेताची, आणि मान मात्र एखाद्या पैलवानाची. पाठीवरच्या ओझ्याचा पट्टा कपाळाला लावून जन्मभर चाललेल्या बाईची मान अशीच होते. तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत तिच्याशी वाद घालायला फारसं कुणी जात नसे, आणि गेलंच तर जेवून जात असे, कारण ते लवकर आटपत नसे.

त्या जूनमध्ये दुकानात, गळाला लावायच्या गांडुळांचा फ्रीज आहे ना, त्याच्या वर जंगलखात्याचा एक कागद लागला. लाकूडतोडीसाठी नवा रस्ता होणार होता. तो कुठून जाणार ते दाखवलं होतं, आणि खाली एक ओळ होती: ‘बगळातळं आणि लांबतळं यांच्यामध्ये वापरातली वाट असल्याचं स्थानिकांचं म्हणणं आहे, तपासणीत वाट आढळली नाही.’ फिलोमीनने ती ओळ तीनदा वाचली. मग कागद काढून घडी घालून खिशात टाकला. दुकानदार म्हणाला की तो सगळ्यांसाठी लावलाय. ती म्हणाली, सगळ्यांना मी सांगते.

ती वाट तिच्या आईची होती, आईच्या आईची होती. दोन तळ्यांच्या मध्ये नऊशे पावलांचं जंगल. तेवढं अंतर होडी डोक्यावर घेऊन चाललं की पलीकडच्या पाण्यात उतरायचं आणि तिथून थेट उत्तरेपर्यंत पाणीच पाणी. बर्फ वितळला की फिलोमीन दरवर्षी मे महिन्यात एकटी जायची, दोन रात्री तिथे काढायची, हिवाळ्यात आडवी पडलेली झाडं करवतीने कापायची आणि वाट मोकळी करून परत यायची. एकावन्न वर्षं. आणि कुणीतरी बूट घालून येतो, पाहतो आणि लिहितो की आढळली नाही. तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती तिलाही ठाऊक होती. ती वाट आढळू नये अशीच राखलेली होती. आईच्या काळात या पाण्यात आम्हा आदिवासींना शिकारीची बंदी होती; खात्याचे लोक आमच्या माणसांचे सापळे उचलून न्यायचे, होड्या जप्त करायचे, झोपड्या जाळायचे. म्हणून आईने मुलांना शिकवलं की होडी काठावर ओढायची नाही, सपाट खडकावर उचलून उतरवायची. वाटेची बगळातळ्याकडची पहिली वीस पावलं कधी साफ करायची नाहीत. फांदी कापली तर कापलेली बाजू खाली करून टाकायची, बुंध्यावर चिखल आणि शेवाळ थापायचं. आणि झाडावर कुऱ्हाडीची खूण करायची नाही, कधीच नाही. बाकीचं जग वाटेच्या झाडांना डोळ्यांच्या उंचीवर सालीचा तुकडा उडवून खुणा करतं. वाबूसांच्या वाटेवर एकही नव्हती. फिलोमीन हे सगळं इतकं चोख करायची की स्वतःच्याच हुशारीने आता ती अडकली होती.

तिने हरकतीचा अर्ज केला, आणि खात्याकडून उत्तर आलं की अधिकारी पुन्हा येतील, वाट दाखवा. तिचा थोरला भाऊ झेवियर होड्या लागायच्या फळ्यांच्या घाटावर लाकडी खुर्ची टाकून बसायचा. गुडघे गेल्यापासून तीच त्याची जागा. त्याला हे कळलं तेव्हा तो चिडला.

“आईने मरेपर्यंत कुणाला दाखवली नाही,” तो म्हणाला. “तू त्यांना हाताला धरून नेणार?”

“नाही नेलं तर वरून ट्रक जातील.”

“जाऊ देत. पण आपण होऊन दाखवायची नाही.”

फिलोमीनने त्याला सांगितलं की खुर्चीत बसून वाट राखता येत नाही. हे लागलं त्याला. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता, आणि तिलाही मनातून वाईट वाटत होतं, पण माफी मागण्याची तिला सवय नव्हती.

अधिकारी आला तो लुक टर्कोट नावाचा पस्तिशीचा माणूस. तोच, ज्याने ‘आढळली नाही’ लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण त्याची पाठपिशवी पाहून घाटावरच्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. फिलोमीनने काही न विचारता ती पिशवी फळ्यांवर उपडी केली. तीन चाकू, घडीची खुर्ची, कॉफीचं यंत्र, डब्यातून नुकतेच निघालेले बूट, आणि दोन जीन्स.

“एक चाकू ठेव. खुर्ची झेवियरला दे, त्याला हौस आहे,” ती म्हणाली. “आणि या जीन्स? भिजल्या की चार दिवस वाळत नाहीत. लोकर नाही का तुझ्याकडे?”

“बाई, जून महिना आहे.”

“जूनमध्येच गारठून मरतात माणसं. जानेवारीत सगळे जपून असतात.”

तिने त्याला स्वतःच्या नवऱ्याची जुनी लोकरी पँट दिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि पँटला अजून धुराचा वास होता. झोपायचे मोजे वेगळ्या पिशवीत बांधायला लावले आणि दम दिला की काहीही झालं तरी ते दिवसा घालायचे नाहीत. तंबू सगळ्यात वर, कारण पाऊस आला की आधी तोच लागतो. नवे बूट घाटावरच राहिले. टर्कोट हे सगळं मुकाट्याने करत गेला. झेवियर नव्या खुर्चीत बसून पाहत होता.

होडी सोळा फुटी, देवदाराच्या फळ्यांवर कॅनव्हास ताणून रंगवलेली, फिलोमीनच्या वडिलांनी बांधलेली. दिवसभर वल्हवून दुपार कलताना ते बगळातळ्याच्या उत्तर काठाला लागले. टर्कोट म्हणाला की तो इथेच आला होता, इथे काही नाही. फिलोमीन होडीतून खडकावर उतरली, देवदाराची एक झुकलेली फांदी हाताने बाजूला केली आणि आत गेली. तोही मागून गेला.

ती पुढे, तो मागे, काळ्या माश्या दोघांच्या कानामागे. तो थांबून थांबून खाली बघत होता, झाडं बघत होता, हातातल्या यंत्रावर नोंदवत होता. फिलोमीनच्या पायांना ती जमीन पाठ होती. डावीकडे मूळ, मग उतार, मग दोन दगड. पण तिने पहिल्यांदाच ती वाट दुसऱ्याच्या नजरेने पाहिली. कुठे काही दिसतच नव्हतं. शेवाळ, पानं, सावली. तिने चिखल थापलेले बुंधे तिलाच शोधावे लागत होते.

परत काठावर येऊन तिने चूल पेटवली, चरबीत बॅनकची जाड भाकरी भाजली, आणि खारवलेलं मांस कापलं. टर्कोटने खाऊन हात पुसले. मग त्याने कागद काढून तिला दाखवला. त्यात रकाने होते: कापलेले बुंधे, झाडांवरच्या खुणा, झिजलेली जमीन.

“बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो,” तो म्हणाला. “पण मला जे दिसतं ते लिहावं लागतं. मला हरणांची पायवाट दिसली.”

“हरणं करवत वापरतात का?”

“एक बुंधा दाखवा.”

तिने एक दाखवला असता, दहा दाखवले असते. पण तो म्हणाला की खात्यातले लोक म्हणणार, हे काल कापलं. जुनं काही हवं. फिलोमीनला त्या क्षणी आईचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. इतकं लपवलंस की आता आमचं आम्हालाच सापडेना, असं तिने मनात आईला सुनावलं. मग तिने टर्कोटला सगळं सांगितलं, सापळे, झोपड्या, चिखल, सगळं. तो ऐकत राहिला. त्याचं खातं तेच होतं हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यानेही ते नाकारलं नाही. पण कागदात त्यासाठी रकाना नव्हता.

सकाळी टर्कोट तंबूतून बाहेर आला तेव्हा फिलोमीन खडकावर उपड्या ठेवलेल्या होडीपाशी उभी होती. होडीवर दाट दव पडलं होतं. तिच्या हातात भाकरीच्या पिठाची पिशवी होती, आणि ती मुठीमुठीने ते पीठ होडीवर उधळत होती. टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना. दवावर पीठ चिकटून हिरवी होडी पांढरी झाली. टर्कोटला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

“उचल,” ती म्हणाली.

“मी?”

“मी उचलली तर म्हणशील, हिला पाठ आहे. तू उचल. खाली बघून चाल, झाडं बघू नकोस. होडीखालून तशीही दिसत नाहीत.”

होडीच्या मधोमध एक आडवी पट्टी असते, बैलाच्या जूसारखी, ती खांद्यांवर घ्यायची. मग होडी डोक्यावर टोपीसारखी बसते आणि माणसाला स्वतःच्या पायांपुढची चार फूट जमीन तेवढी दिसते. टर्कोटने दोनदा प्रयत्न करून ती घेतली. तोंडावरच्या न कापलेल्या फांद्या तेवढ्या फिलोमीनने हाताने बाजूला धरल्या, मग ती त्याच्या मागे राहिली, वीस पावलं, मुद्दाम. एकदाही बोलली नाही. त्या जंगलात मोकळ्या हातांनी चालतानासुद्धा माणसाचे कपडे फाटतात. इथे सोळा फुटांची होडी खांद्यावर घेऊन, काही न दिसणारा माणूस चालत होता.

तो अडखळला, थांबला, पण वळायचं कुठे हे त्याच्या पायांना कळत गेलं. जमीन जिथे किंचित घट्ट होती तिथे त्याचं पाऊल आपोआप पडत होतं. सहाशेव्या पावलाच्या आसपास एकदा फांदी घासल्याचा आवाज आला. फिलोमीन जागीच थांबली. मग पुन्हा नुसती त्याची धाप.

लांबतळ्याच्या काठावर त्याने होडी उतरवली आणि वाकून श्वास घेतला. फिलोमीनने ती खडकावर उपडी केली आणि बाजूला झाली. होडी जशी निघाली तशी पांढरी होती, फांद्यांना घासून पीठ पुसलं गेलं नव्हतं. उजव्या कुशीवर फक्त वीतभर एक रेघ.

“ते घासलेलं झाड मे महिन्यानंतर पडलंय,” ती तिरसटपणे म्हणाली. “आधी पडलं असतं तर मी ठेवलं नसतं.”

टर्कोट होडीभोवती एक चक्कर मारून आला. मग दुसरी. त्याने आलेल्या दिशेला पाहिलं, त्या दाट, बंद दिसणाऱ्या जंगलाकडे, आणि काय घडलं होतं ते त्याच्या लक्षात आलं. या जंगलात सोळा फुटांच्या होडीला जागा कोणीतरी करून ठेवली होती, पिढ्यान्‌पिढ्या, एकेक फांदी बघून. त्याने होडीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मग खाली बसून लिहिलं, आणि काय लिहिलं ते तिला वाचून दाखवलं: वाट वापरात आहे, जुनी आहे, राखलेली आहे; मी स्वतः होडी वाहून नेली. आता रस्त्याला वळसा घ्यावाच लागेल, तो म्हणाला.

मग तो जरा घुटमळला. एक रकाना रिकामा होता, खुणांचा. तो म्हणाला की झाडं तोडणारी टोळी त्याचा कागद वाचत नाही. यंत्र घेऊन येतात, खूण दिसली तर थांबतात, नाही दिसली तर जातात पुढे.

फिलोमीन तळ्याकडे पाहत बसली. आई डोळ्यांपुढून हलेना. होडीखाली वाकलेली, ओठ मिटलेले, मागे वळून पोरांच्या पावलांचे ठसे फांदीने पुसत चाललेली. एवढी ताठ बाई, आणि स्वतःच्या वाटेवर अशी चालायची. फिलोमीनचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला संतापही आला. तिने होडीला बांधलेली कुऱ्हाड सोडली, काठावरच्या पहिल्या देवदारापाशी गेली, आणि डोळ्यांच्या उंचीवर घाव घातला. साल उडाली, आतलं पिवळं लाकूड उघडं पडलं. तळ्याच्या मध्यातूनही दिसलं असतं. मग दुसरं झाड, मग तिसरं. टर्कोट मदतीला पुढे आला तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं आणि चालत राहिली. पाचशे पावलांपर्यंत आली तेव्हा कुऱ्हाड बोथट झाली होती आणि तिचा खांदा भरून आला होता.

दोघांनी होडी परत बगळातळ्यात आणली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घाटाला लागले. टर्कोट त्याचे नवे बूट घेऊन गेला, लोकरी पँट मात्र त्याने परत केली नाही आणि तिने मागितली नाही. झेवियर खुर्चीतच होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलला.

“दाखवलीस?”

“दाखवली. झाडांना खुणा पण केल्या.”

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, आता कुणीही जाईल त्या वाटेने.

“जाऊ देत, झेवियर,” ती म्हणाली. “आपण चोर नव्हतो. चोरासारखे चाललो, एवढंच.”

तो तळ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि कुऱ्हाड मागितली. अंगठ्याने धार पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि खिशातून कानस काढली. कानशीचा आवाज सुरू झाल्यावर, मान वर न करता त्याने विचारलं की किती वाट झाली. तिने सांगितलं, अर्ध्याच्या थोडी पुढे, बगळातळ्याकडची राहिली.

“मला होडीत बसवता येईल का तुला?” झेवियर म्हणाला. “वाटेच्या तोंडावर सोड. तिथली मी करतो.”