बार भरताना बोलू नये

आमच्या जॉन्सनव्हिलच्या काकांइतका बंदुकीला घाबरणारा बंदूकवाला अख्ख्या न्यूझीलंडमध्ये शोधून सापडायचा नाही. जन्मभर फार्मसिस्ट म्हणून औषधाच्या गोळ्या मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर या पुणेकराने चक्क काळी दारू ठासायची, जुन्या घडणीची नक्कल असलेली रिव्हॉल्व्हर घेतली. रीतसर परवाना काढून, क्लबात धडे गिरवून. वेलिंग्टनच्या वाऱ्यात गाडी हाकणं त्यांच्या मते जिवावरचं काम, म्हणून रविवारी रेंजवर न्यायला मी.

बार भरणं हा काकांचा सोवळ्यातला स्वयंपाक. दारू डब्यातून थेट रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातल्या घरात ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. वर शिशाची गोळी, मधे पोकळी राहू नये म्हणून दाबून बसवलेली. त्यावर ग्रीस, कारण एका घराची ठिणगी शेजारी गेली तर सगळे बार एकदम उडायचे. ते ग्रीस काका करंजीची कड बंद करावी तशा मायेने लावत. चुकून बार उडू नये म्हणून एक घर कायम रिकामं. दारू पेटवणाऱ्या ठिणगीच्या टोप्या सगळ्यांत शेवटी, तेही नळी लक्ष्याकडे धरल्यावरच. मधे कुणी बोलायचं नाही. एकदा क्लबच्या धिप्पाड सेक्रेटरीने हसून "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, तर काकांनी नुसता तळहात दाखवून त्याला ताटकळत ठेवलं. शेवटची गोळी बसल्यावर वळून म्हणाले, "किया ओरा. नाऊ टेल मी." आणि एखादा बार उडालाच नाही, तर तो उशिराही उडतो म्हणून नळी समोर रोखून हा माणूस इतका वेळ उभा राही की आमचे सँडविच खाऊन संपत.

काकू गेल्यापासून पापाटोएटोला राहणारी त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे राहायला बोलावत होती. भेटीला आली तेव्हा गॅस चालूच राहिलेला तिने पाहिला होता. "बाबा, प्लीज, एकटे राहू नका ना." काकांचं उत्तर ठरलेलं. "माझं डोकं ठिकाणावर आहे. बार भरताना माझी एक चूक दाखव, लगेच येतो."

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी कुणीही बोललं नव्हतं. गोळ्या बसल्या होत्या आणि काकांचे हात मधेच थांबले. "अरे, या घरात दारू घातली का रे मी?"

गोळी बसल्यावर आतलं दिसत नाही. दारूवाचून नुसत्या टोपीच्या ठिणगीने ती नळीत जाऊन अडकली, तर पुढचा बार हातातच फुटायचा. माझं लक्ष नव्हतं, तरी त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून म्हणालो, "घातली असणार, काका. तुम्ही कधी चुकलाय?"

"असणार?" ते इतकंच म्हणाले. रिव्हॉल्व्हर नळी लक्ष्याकडे करून टेबलावर ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि हात वर केला. रेंज ऑफिसर आला. "आय डोन्ट नो व्हॉट्स इन इट," काका त्याला म्हणाले. "स्वीट ॲज, मेट," असं इथल्या बोलीत 'काही हरकत नाही' म्हणत त्याने ती हळूच ताब्यात घेतली. ते गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला मुलीला फोन लावायला सांगितलं.

"मला घेऊन जा गं," ते म्हणाले. "मी एकट्याने राहणं आता सेफ नाही."

पलीकडे ती एकदम रडायला लागली.

"अगं, कुणाला काही झालं नाही ना? मग रडतेस कशाला?" काका तिची समजूत काढत होते, आणि आवाज त्यांचाच कापत होता.