रुफिजी नदीवर अब्बा

आज इथे आखातात, अल हैलच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या चिखलाचा वास आला आणि टांझानियातली रुफिजी नदी आठवली. इथल्याच सहम गावात उभी हयात दुकान चालवलेल्या अब्बांना मी तिथल्या अभयारण्यात सफारीला नेलं होतं. बोटीशेजारी पाणघोडे फुरफुरत वर येत होते, वाळूवर मगरी ऊन खात पडल्या होत्या. अब्बा मात्र डोळे मिटून बसले होते.

"आवडलं नाही का, अब्बा?"

"आवडलं. आपल्या गावच्या खाडीसारखाच वास येतो," ते म्हणाले. मग हळूच, "मला आता गावी जाऊ दे, बाळा."

मी जरा हिरमुसलो, पण हो म्हणालो. रत्नागिरीजवळच्या घरी ते पुढे सुखाने राहिले, तिथेच गेले.

जन्मभर ज्यांना विचारून मी घराबाहेर पडलो, ते अब्बा त्या दिवशी मला विचारत होते.